सुगरणीचं गवत

ओढ्याकाठच्या रानाचे मालक दिनकरराव यांनी माझ्या अम्मीला फसवलं. अम्मीनं त्यांना फसवलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी असं म्हणायला नको की टाळी दोन हातांनी वाजते. मी सारा जन्म फळांच्या बाजारात काढला आहे. टाळी कोण वाजवतं आणि हात कुणाचे लाल होतात, ते मला कुणी शिकवू नये.

आमचं घर आष्टीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी, गाव संपतं तिथं. एक खोली, पुढं पत्र्याची पडवी, अंगणात दोन शेळ्या आणि त्यांच्या पाण्याची दगडी डोण. अंगण संपलं की ओढा, ओढ्यापलीकडं दिनकररावांचा उतार, नुसता गवताचा, आणि उताराच्या टोकाला एक जुनी विहीर. विहिरीवर बाभळी वाकलेल्या आणि त्यांच्या फांद्यांना सुगरणींचे खोपे लोंबणारे. आजही दुपारी डोळा लागला की मी आधी तिथंच जाते. वारा सुटलेला असतो. कमरेएवढ्या गवतावरून लाटा चाललेल्या असतात. खोपे हलतात, पाण्यात त्यांच्या सावल्या हलतात, आणि खरा कुठला, पाण्यातला कुठला ते कळत नाही. पिवळ्या डोक्याचे नर खोप्यांना उलटे लटकून पंख फडफडवत असतात आणि त्यांची ती चिरचिर अशी वाजते, जणू कुठंतरी पुष्कळ शिवणयंत्रं एकदम चालू झालीत. मग कुणीतरी हाक मारतं, "शब्बो, ऊठ की गं." मी उठते, तर समोर टीव्ही चालू आणि गुडघे ठणकतायत.

घरात आम्ही दखनीत बोलायचो. अम्मी चिडली की मात्र मराठीवर यायची. तिचं म्हणणं, भांडायला मराठीच बरी, तिच्या शब्दांना बाभळीसारखे काटे असतात. तिचं बहुतेक बोलणं मला मराठीतच आठवतं, यावरून काय ते समजून घ्या.

अब्बा सीताफळांचे व्यापारी. व्यापारी म्हणजे काय, डोंगरातली झाडं हंगामापुरती घ्यायची, फळाचे डोळे उघडले, खवल्यांमधल्या खाचा पिवळसर दिसायला लागल्या, की तोडायचं, पाट्यांत भरायचं आणि जीपनं नगरला न्यायचं. सीताफळ हे फार मानी फळ आहे. पेरू मार खातो आणि गप्प बसतो. सीताफळाला शेजाऱ्यानं नुसतं रेटलं तरी ते काळं पडतं, आणि एक काळं पडलं की बघता बघता अख्खी पाटी जाते. नगरला पोचेपर्यंत तळाची फळं गेलेली असायची. बाजारात कुणी हात लावेना ती अब्बा परत आणायचे. अम्मी त्यांतला चांगला गर काढून दुधात कालवायची, त्यात चुलीवरची गरम भाकरी कुस्करायची, आणि आम्ही भावंडं पितळीत बोटं फिरवून फिरवून खायचो. आमच्या घरातलं सगळ्यात गोड जेवण म्हणजे अब्बांचं नुकसान. लेकरांना ते कुठं कळतं? ज्या दिवशी जेवण गोड, त्या दिवशी अब्बा भिंतीकडं तोंड करून झोपायचे, एवढं मात्र माझ्या ध्यानात आलं होतं.

अब्बांचं दुसरं दुखणं त्यांचा उजवा हात. कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांची दोन बोटं गेली होती. दुसऱ्या कुणाचं त्यानं फार अडलं नसतं, पण आमच्या बाजारात तेव्हा सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं हातात हात द्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. बाहेर दोघं पावसापाण्याच्या गप्पा मारतायत आणि आत बोटांची झटापट चाललीय. शेजारच्याला भाव कळू नये म्हणून ही रीत. अब्बांनी अख्खा पंजा दिला की समोरचा मोठ्यानं म्हणायचा, "मला तर तीनच लागली बे. बाकीची घरी ठिवून आला का?" सगळे हसायचे. अब्बाही हसायचे. ते त्यांचं हसणं मला सोसायचं नाही. म्हणून परकर-पोलक्यात असतानाच मी त्यांच्या जागी रुमालाखाली हात घालायला लागले. बाजारातले जुने दलाल काशिनाथनाना दचकून म्हणाले, "अरं, पोरीचा हात हाय ह्यो."

"नाना, बोटं मोजून घ्या," मी म्हटलं. "सगळी हायत."

त्यानंतर आमच्या फळाला कुणी कमी बोट दाबलं नाही.

अम्मी धुणं घेऊन विहिरीवर जायची आणि फार उशिरानं यायची. कपडे दगडावर तसेच पडलेले आणि ही मान वर करून बसलेली. अब्बा विचारायचे, "काय बघती एवढं?" ती म्हणायची, "उस्तादाचं काम." एकदा तिनं मला शेजारी बसवून घेतलं. नर गवताच्या पात्याला चोचीनं खाच पाडतो, पातं चोचीत धरतो आणि उडतो, की लांबलचक हिरवी धांदोटी फाटून येते. ती फांदीला गुंडाळून गाठ मारतो. हिरव्या पात्याची गाठ वाळली की आवळते, म्हणून पातं हिरवंच लागतं. खोपा अर्धा झाला, पालथ्या टोपीसारखा दिसायला लागला, की मादी येते. आत बसते, इकडून ओढते, तिकडून ओढते. पसंत पडला तर पुढचं काम. नाही पडला तर भुर्रकन उडून जाते, आणि तो बिचारा शेजारच्या फांदीला दुसरा सुरू करतो.

"बघ शब्बो," अम्मी म्हणाली, "गिऱ्हाईक असं असावं. भांडत न्हाई, टोमणा मारत न्हाई, नुसतं निघून जातं. मग माल सुधारतो."

धंद्यातलं मला जे काही कळतं, त्यातलं निम्मं मी त्या मादीकडून घेतलंय. उरलेलं निम्मं, म्हणजे भांडणं आणि टोमणे, माझं स्वतःचं.

एका वर्षी पावसाळा सरताना वाऱ्यानं पडलेला एक खोपा मी घरी आणला. खेळता खेळता त्यात एक सीताफळ कोंबलं, खोपा पडवीत खुंटीला टांगला आणि विसरून गेले. त्याच्याबरोबरची पाटीतली फळं काळी पडून फेकून झाली, तेव्हा अम्मीला वास आला. तिनं खोप्यातून फळ काढलं, तर ते चहूबाजूंनी सारखं पिकलेलं, अंगावर एक डाग नाही. आम्ही त्या फळावर झडप घातली. अम्मी खोपा मांडीवर घेऊन बसली आणि सुईनं एकेक पातं उसवायला लागली. संध्याकाळपर्यंत उसवत होती. चूल थंड. अब्बांनी स्वतः भाकरी टाकल्या, त्या कुठल्या देशाच्या नकाशासारख्या झाल्या होत्या, पण कुणी हसलं नाही, कारण अम्मीच्या तोंडावर काहीतरी वेगळंच आलं होतं.

मग तिनं विणायला घेतलं. एका फळाला एक गवताचा खोपा, तोंडाशी दोरी, आणि जीपमध्ये आडव्या बांबूंना असे खोपे टांगायचे. पहिल्या खेपेला रस्त्याच्या खड्ड्यांनी खोपे असे झुलले की फळं एकमेकांना धडका देत नगरला गेली. आम्हाला पुन्हा गोड जेवण. अम्मी उठून विहिरीवर गेली. सुगरणीच्या खोप्यात आतून ओल्या मातीचे थापे लावलेले असतात. गावात म्हणायचे, पाखरू त्या मातीत काजवा चिकटवतं आणि रात्री घरात दिवा लावतं. अम्मीनं पडका खोपा तळव्यावर तोलून बघितला आणि म्हणाली, "दिवा कशाचा? वजन हाय हे. वाऱ्यात घर झुलू नये म्हणून." दुसऱ्या खेपेला तिनं प्रत्येक खोप्याच्या बुडाशी मातीचा थापा दिला. पाखराच्या मनात तेच होतं का, देव जाणे. पण जीप निघाली आणि मागं टांगलेले सगळे खोपे झोपलेल्या लेकरांसारखे शांत. त्या हंगामात आमच्याकडं गोड जेवण झालं नाही, आणि अब्बा आमच्याकडं तोंड करून झोपले.

नगरची गिऱ्हाइकं फळ घ्यायची आणि खोपा उकिरड्यावर टाकायची. म्हैस तो खाऊन टाकायची, नाही तर पावसात तो मातीत मिळायचा. अम्मीला याचंच जास्त कौतुक. "मागं कायच उरत न्हाई," म्हणायची. तिचा एकच कायदा होता. उतारावरचं गवत हिरवं असताना त्याला विळा लावायचा नाही. हिरवं विणायला उत्तम, हे तिला चांगलं माहीत होतं, पण हिरव्यावर हक्क उस्तादाचा. पिलं उडून गेली, बाभळी गप्प झाल्या, की मग ती उतारावर जायची. तोवर गवतानं बी टाकलेलं असायचं, पातं पिवळं पडायला लागलेलं असायचं. ते वाळवून ती पडवीत रचायची आणि वर्षभर डोणीत भिजवून भिजवून विणत बसायची. गवत दिनकररावांचं, पण तेव्हा गवताला कोण विचारत होतं?

विचारायला लागले ते आमचे खोपे बघून. दिनकरराव तेव्हा तरणे होते. वडिलांची जमीन, अंगावर कडक पांढरे कपडे, जिभेवर कायम खडीसाखर. त्यांनी फळवाल्यांची सोसायटी काढली होती. एके दिवशी अंगणात आले, शेळीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "भाभी, तुमच्या हातात जादू हाय. आमच्या बायांना शिकवा. सोसायटीचा सगळा माल खोप्यातनं जाऊ द्या. काय घ्याल ते सांगा."

अम्मी म्हणाली, "शिकवते. पैसा नको. पाखरं उडून जाईस्तोवर उताराचं गवत कापायचं न्हाई. तेवढं द्या."

"एवढंच?" दिनकरराव हसले. "अहो, ती पाखरं आमची ज्वारी खात्यात."

"आन् पिलांना अळ्या चारत्यात, त्या कुणाच्या ज्वारीवरल्या?"

"हरलो बुवा. कबूल."

अम्मीला तेवढं पुरलं असतं. मला नाही पुरलं. मी म्हटलं, "मालक, सौदा हाय तर सौद्यासारखा करा." दिनकररावांनी खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आणि आत माझं मनगट घट्ट दाबलं. आमच्या बाजारात मनगट दाबलं की सौदा पक्का, मग बापाचंही ऐकायचं नाही. आता कुणी म्हणेल, चार माणसांसमोर का नाही वदवून घेतलं? बाजारात वाढलेल्या पोरीला पक्कं म्हणजे रुमालाखालचं, एवढंच ठाऊक. तोंडचा शब्द वाऱ्यावर जातो, अशी आमची समजूत.

तो उन्हाळा अम्मीनं सोसायटीच्या बायांना शिकवण्यात घालवला. ओढ्याच्या चिंचेखाली सगळ्या बसायच्या. पाण्यानं भिजलेल्या गवताचा वास, बांगड्या, हसणं. पहिले खोपे इतके सैल व्हायचे की त्यातून शेळीचं करडू निघून गेलं असतं. कुणीतरी म्हणायची, "भाभी, आमचं पाखरू पसंत न्हाई करायचं ह्ये." आणि अम्मी खरोखर मादीसारखी येऊन खोपा इकडून तिकडून ओढून बघायची, आणि काही न बोलता निघून जायची. बाई निमूटपणे उसवायला घ्यायची.

श्रावणातली एक सकाळ. ऊन आणि पाऊस एकमेकांत मिसळलेले. मला जाग आली ती यंत्राच्या आवाजानं. बाहेर आले तर अम्मी ओढ्यात उभी, पाणी तिच्या पोटऱ्यांवरून वाहतंय आणि ती समोर बघतेय. समोरचा उतार उघडा पडला होता. ट्रॅक्टरला लावलेलं यंत्र गवत खालपासून कापत चाललं होतं आणि सोसायटीची माणसं हिरवे भारे बांधत होती. सोसायटीला हंगामासाठी खोपे हवे होते, ढिगानं हवे होते, आणि हिरवं गवत लवकर विणून होतं, हे आता तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. अम्मीनंच शिकवलं होतं. बाभळींवर अर्धे खोपे टांगलेले. पालथ्या टोप्या. नर त्यांच्यावर बसून नुसते ओरडत होते.

ऊन वर आलं तसे ते नर आमच्याकडं आले. पडवीत वर्षभराचे विणलेले खोपे बांबूंना टांगलेले होते, येणाऱ्या हंगामाचा सगळा माल. एका नरानं त्यातलं पातं धरलं आणि ओढलं. कोरडं पातं, तुटलं. त्यानं दुसरं ओढलं. तेही तुटलं. दुसरा आला, तिसरा आला. अम्मी बघत राहिली. मग तिनं बांबू खाली घेतला, सगळे खोपे डोणीत टाकले आणि हातानं पाण्याखाली दाबून धरले. भिजल्यावर त्यांच्या बुडाची माती सुटली आणि पाणी लाल झालं. ती एकेक खोपा उसवायला लागली.

मी ओरडले, "अम्मी, हंगामाचा माल हाय! नगरला काय न्यायचं?"

"ज्याचं हाय त्याला देती."

"त्याचं? विणलं कुणी?"

"शिकवलं कुणी?"

अब्बा दारात उभे होते. मला वाटलं, आता ते तरी काही बोलतील. त्यांनी शेळ्या सोडल्या, मागं नेऊन बांधल्या, म्हणजे पाखरं भिणार नाहीत. मग येऊन अम्मीशेजारी बसले आणि आपल्या तीन बोटांनी खोपा उसवायला लागले. मीही बसले, दात ओठ खात. दुपारभर आम्ही ओल्या धांदोट्या कुंपणावर, पत्र्याच्या कडेवर, दोरीवर पसरत होतो. अंगणभर पिवळी डोकी. ती माणसाला भ्यायची, पण त्या दिवशी भ्यायली नाहीत. एक माझ्या गुडघ्याजवळून पातं उचलून गेलं, त्याच्या पंखांचा वारा मला लागला. बारीक पाऊस पडत होता आणि ऊन होतं, आणि आमच्या हातांतून निघालेलं गवत ओढ्यावरून तरंगत बाभळींकडं चाललं होतं. जगण्यात पुन्हा कधी एवढी शांत दुपार मला मिळाली नाही, आणि त्या दुपारी माझ्या पोटात एवढा राग होता की भाकरी उतरली नाही.

काही खोपे त्या गवतानं पुरे झाले. माद्या आल्या. आत बसल्या, ओढून बघितलं आणि निघून गेल्या. एकदा वाळून गेलेलं पातं कितीही भिजवा, त्याची गाठ आवळत नाही. थोड्याच दिवसांत नरही गेले. बाभळीला अर्ध्या टोप्या राहिल्या, पावसानं त्या काळ्या पडल्या.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी आष्टीला गेले. दिनकरराव नगरच्या एका व्यापाऱ्याशी सौद्याला बसले होते, हातावर रुमाल. काशिनाथनाना शेजारी. मी गर्दीतून गेले आणि रुमाल धरून ओढला. भरबाजारात दोघांचे गुंतलेले हात उघडे पडले. आमच्याकडं एखाद्याचं धोतर ओढलं असतं तरी एवढी शांतता पसरली नसती.

"गवत कावून कापलं?" मी विचारलं. "माझं मनगट दाबलं होतं तुमी."

दिनकररावांनी हात मागं घेतला. मग त्यांची खडीसाखर परत आली. "कसला सौदा पोरी? रुमालाखालचं कुणी बघितलं? रान माझं, गवत माझं."

नानांनी खाली पडलेला रुमाल उचलला, झटकला, घडी केली. "शब्बो," ते म्हणाले, "रुमाल वढलास तू. आता तुझ्या हातात हात कोण देणार?"

"नका देऊ. मी तोंडानं बोलीन."

आणि खरंच कुणी दिला नाही. मग मी बाजाराच्या मधोमध उभी राहून मोठ्यानं भाव ओरडायला लागले. आधी लोक हसले. पण डोंगरातून फळ घेऊन येणाऱ्यांना पहिल्यांदाच कळायला लागलं की त्यांच्या फळाचा भाव काय चाललाय, आणि ते माझ्याकडं यायला लागले. त्या ओरडण्यावर माझा धंदा उभा राहिला, घर झालं, गाडी आली. लोक म्हणतात, बाई फार तोंडाळ आहे. आहेच.

सोसायटीचं काय झालं, तेही सांगते. बी पडायच्या आधीच कापलेलं गवत पुढच्या वर्षी विरळ उगवलं. त्यांनी तेही हिरवंच कापलं. काही वर्षांत उतारावर नुसता मुरूम राहिला आणि विणायला काही उरलं नाही. मग फळांना घालायच्या पांढऱ्या फोमच्या जाळ्या आल्या. त्यांची एजन्सी दिनकररावांनीच घेतली. अम्मी धुणं घेऊन विहिरीवर जातच राहिली, पण आता वेळेवर घरी यायची. तिच्या त्या वेळेवर येण्याचा मला जेवढा त्रास झाला, तेवढा दुसऱ्या कशाचा झाला नाही. ती जाईपर्यंत तिनं पुन्हा खोपा विणला नाही.

मागच्या महिन्यात नातीनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा कॉलेजात दिनकररावांचा सत्कार. केस पांढरे, कपडे अजून कडक. ते पोरांना सांगत होते, निसर्गासारखा गुरू नाही, मी स्वतः सुगरण बघून फळांचं पॅकिंग शोधून काढलं. पोरं लिहून घेत होती. नात म्हणाली, "दादी, तुमी कावून रडताय?" मी रडत नव्हते. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी येतं, ते लहानपणापासूनचं आहे.

त्यांनी अम्मीचं नाव घेतलं नाही, ते एक वेळ सोडून देते. हुनर कुणाच्या बापाचं नसतं. अम्मीनंही ते पाखराकडून उचललंच होतं. पण जिथून उचललं, तिथलं तिनं राखलं. पाखराकडून शिकलो म्हणायचं आणि त्याच्याच तोंडचं पातं कापायचं, याला शिकणं म्हणतात हे मला मान्य नाही, आणि ते त्या पोरांना कुणी शिकवावं हेही मान्य नाही.

दिनकरराव, तुम्ही हयात आहात आणि मीही आहे. त्याच कॉलेजात, त्याच पोरांसमोर पुन्हा उभे राहा. पाखरं घर बांधत असताना श्रावणात ते गवत कुणाच्या हुकमानं कापलं, ते सांगा. माझ्या आईला शब्द दिला होता की नव्हता, ते सांगा. उतार अजून तुमच्याच नावावर आहे. तिथं पुन्हा गवत उगवू देणार की नाही, तेही त्यांच्यादेखत बोला. तारीख तुम्ही ठरवा. मी येऊन पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठणार नाही.